तू काही करू नकोस हं!
"वहिनी, तू काही करू नकोस हं, आम्ही फक्त निवांत बसायला येतोय!" मे महिना लागला की मुंबई-पुण्याहून हा फोन ठरलेला. निवांत? कोण? तुम्ही!

गुहागरला समुद्राजवळ घर आहे, म्हणजे मी चोवीस तास चुलीपाशीच बसलेली असते, नाही का? सकाळी आंबोळ्या, दुपारी मासे, चारला चहा, समुद्रावरून परतले की पुन्हा भूक भूक. बांगडा चालत नाही, सुरमईच हवी. १ जूनपासून मासेमारी बंद, त्याच्या तोंडावर सुरमईचा भाव काय असतो, विचारलंय कधी? पण तुकडा पातळ कापलाय, हे मात्र बरोब्बर दिसतं!

विहिरीनं तळ गाठलाय. तरी मुलं (आणि मुलांचे बाबासुद्धा!) खाऱ्या पाण्यातून आली की अर्धा अर्धा तास शॉवरखाली. पडवीभर वाळू. ती कोण झाडणार? वीज गेली की माझ्याकडे असं बघतात, जणू फ्यूज मीच काढून पदराला बांधलाय.

आणि निघताना हापूसच्या पेट्या. "घरचेच तर आहेत!" हो ना, फवारणी, राखण, काढणी सगळं आपोआपच होतं!

परवा ग्रुपवर फोटो आला. झोपाळ्यावर पसरलेले पाय, खाली ‘कोकणातलं शांत आयुष्य’. मागे अर्धीमुर्धी मी, हातात झारा. त्यावर नणंदबाई लिहितात, "दिवाळीलाही इथेच जमू या!"