कॉम्तने एकट्याने समाजशास्त्र काढलं म्हणे!

परीक्षा जवळ आल्या की एक पोस्ट हमखास फिरायला लागते. रंगीत चौकटीत पाच मुद्दे, वर ‘सेव्ह करून ठेवा’. मजकूर साधारण असा: समाजशास्त्राचा जन्म १८३८ साली फ्रान्समध्ये झाला, शब्द आणि विषय दोन्ही फ्रेंच तत्त्वज्ञ ऑगस्ट कॉम्तने निर्माण केले. मार्क्स, दुर्खीम, वेबर या तीन संस्थापकांनी तो विद्यापीठांत रुजवला. सुरुवातीचं सगळं काम खुर्चीत बसून केलेलं चिंतन होतं, फील्डवर्क आणि आकडे नंतर शिकागो विद्यापीठवाल्यांनी आणले. त्या काळात या विषयात बायका नव्हत्याच. आणि युरोप-अमेरिकेबाहेर हा विषय फार उशिरा पोचला.

गंमत अशी की प्रत्येक मुद्द्यात चिमूटभर खरं आहे, म्हणून तर लोक डोळे झाकून फॉरवर्ड करतात.

आधी त्या शब्दाचं बघू. कॉम्तने तो छापला हे बरोबर, पण हौसेने नाही. आधी तो याच अभ्यासाला ‘सामाजिक भौतिकी’ म्हणायचा. मग १८३५ मध्ये बेल्जियमच्या केतले नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने माणसांच्या सरासऱ्यांवर, म्हणजे उंची, गुन्हे, लग्नं, मृत्यू असल्या गोष्टींवर पुस्तक काढलं आणि त्याच्या नावात नेमका हाच शब्द घातला. कॉम्तला वाटलं आपला शब्द पळवला, म्हणून दुसरा शोधणं आलं. तो नवीन शब्द, म्हणजे ‘सोशिऑलॉजी’, अवतरतो कुठे, तर त्याच्या सहा खंडी ग्रंथाच्या चौथ्या खंडात, ४७व्या धड्यात, तेही तळटीपेत, ‘हा नवा शब्द वापरायचं धाडस करतोय’ अशा सुरात. खंडावर साल १८३९ आहे. शब्द अर्धा लॅटिन आणि अर्धा ग्रीक, त्यामुळे इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने सोयीचा पण रानटी शब्द म्हणून चिमटा काढला तो वेगळाच. आणि फ्रेंच राज्यक्रांतीतला तो सियेस, त्याच्या हस्तलिखित टिपणांत हा शब्द १७८०च्या आसपासच येऊन गेलाय, फक्त ती टिपणं तेव्हा छापली गेली नाहीत.

बरं, शब्द कॉम्तचा धरून चालू. विषय पण त्याचा? कॉम्त कधीच प्रोफेसर नव्हता. पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये तो शिकवणी घ्यायचा आणि प्रवेश परीक्षक म्हणून काम करायचा, ते परीक्षकपदही पुढे गेलं आणि मग शिष्यांच्या वर्गणीवर गुजराण, शेवटी शेवटी तर ‘मानवतेचा धर्म’ काढून बसला. १८५७ मध्ये तो वारला तेव्हा जगात कुठेही समाजशास्त्राचा प्राध्यापक नव्हता, विभाग नव्हता, जर्नल नव्हतं, नापास व्हायला विद्यार्थी पण नव्हते. हे सगळं जमायला पुढे तीस-चाळीस वर्षं लागली. ती वर्षं पोस्टमध्ये सरळ गायब आहेत आणि माझं मुख्य भांडण तिथेच आहे.

आता ते त्रिकूट. मार्क्सने १८४१ ला डॉक्टरेट मिळवली पण विद्यापीठात नोकरी कधीच केली नाही, स्वतःला समाजशास्त्रज्ञ म्हणवलं नाही, आणि कॉम्तबद्दल त्याचं मत अगदीच हलकं होतं. म्हणजे ‘विद्यापीठांत रुजवला’ हे वाक्य त्याच्या नावापुढे लावणं म्हणजे कमालच. वेबर मूळचा कायद्याचा माणूस, १८९४ ला फ्रायबुर्गला प्रोफेसर झाला तो अर्थशास्त्राचा. जर्मन समाजशास्त्र संघटना १९०९ ला उभी राहिली त्यात तो होता, पण त्याची बहुतेक हयात दुसऱ्याच विषयांच्या खुर्चीवर गेली. उरला दुर्खीम. त्याच्याबद्दल पोस्ट बऱ्यापैकी बरोबर आहे, पण तिथेही खरी गोष्ट जास्त मजेदार आहे. १८८७ ला बोर्दोला त्याला घेतलं ते समाजविज्ञान आणि अध्यापनशास्त्र शिकवायला, कारण तेव्हाच्या फ्रेंच सरकारला चर्चच्या हातातून शाळा काढून घ्यायच्या होत्या आणि धर्माशिवाय नीती कशी शिकवायची हे शिक्षकांना सांगणारा कोणीतरी हवा होता. समाजशास्त्र त्या दाराने आत आलं. १९०२ ला तो पॅरिसला सोर्बोनमध्ये गेला, तिथेही शिक्षणशास्त्राच्याच जागेवर, आणि त्याच्या पदाच्या नावात ‘समाजशास्त्र’ हा शब्द पडायला १९१३ साल उजाडलं. तोपर्यंत अमेरिकेत शिकागोला विभाग सुरू होऊन (१८९२) वीस वर्षं झालेली, तिथलं जर्नल १८९५ पासून निघत होतं.

मग हे तिघे एका फोटोत आले कधी? खूप नंतर. १९३७ मध्ये टॅल्कॉट पार्सन्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने जो जाडजूड ग्रंथ लिहिला त्यात त्याने मुख्य म्हणून निवडलेली नावं मार्शल, पारेतो, दुर्खीम आणि वेबर अशी आहेत. त्या चौघांत मार्क्स नाही! आणि सुरुवातच एका उसन्या प्रश्नाने केलीये, ‘आता स्पेन्सर कोण वाचतं?’ हा हर्बर्ट स्पेन्सर म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी समाजशास्त्र म्हटलं की लोकांना आठवणारं नाव, जपानपासून अमेरिकेपर्यंत वाचला जाणारा, तो पन्नास वर्षांत यादीतून पार पुसला गेला. मार्क्स आत आला तो १९६०च्या दशकात कॅम्पस तापले तेव्हा, आणि १९७१ ला ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ गिडन्सने मार्क्स, दुर्खीम, वेबर असं तिघांवर मिळून पुस्तक लिहिलं, ते पुढे कितीतरी अभ्यासक्रमांत गेलं. म्हणजे संस्थापक कोण हे स्थापनेच्या वेळी नाही ठरलं, सिलॅबस बनवताना ठरलं.

खुर्चीत बसून चिंतन वाला मुद्दा तर मला सगळ्यात जास्त खटकतो. दुर्खीमचं आत्महत्येवरचं पुस्तक १८९७ चं. त्यासाठी आत्महत्यांच्या सुमारे २६,००० फायली वय, लिंग, लग्न झालेलं की नाही, मुलं आहेत की नाहीत अशा हाताने वेगळ्या केल्या गेल्या, आणि हे काम एकट्या मार्सेल मॉसने केलं, दुर्खीमचा भाचा. (मामाची पीएचडी भाच्याने केली असं आज कोणी म्हणेल.) त्याहून भारी म्हणजे सरकारी दप्तरातल्या त्या फायली बघायला मिळाल्या गाब्रिएल तार्दमुळे, तो तेव्हा न्यायखात्याच्या आकडेवारीचा प्रमुख होता. आणि पुस्तकात त्याच तार्दच्या अनुकरणाच्या सिद्धांताला (माणसं एकमेकांचं बघून वागतात, असा तो) दुर्खीमने झोडपून काढलंय. प्रस्तावनेत आभार, आत प्रहार.

वेबरचं सुरुवातीचं नाव झालं तेही १८९२ च्या पाहणीमुळे, पूर्व जर्मनीतल्या शेतमजुरांच्या. प्रश्नावल्या, तक्ते, सगळं त्यात आहे.

आणि फील्डवर्क शिकागोने आणलं म्हणणाऱ्यांनी ड्यू बॉइस हे नाव ऐकलंय का हा माझा साधा प्रश्न. १८९६ ला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने या कृष्णवर्णीय संशोधकाला फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डाचा अभ्यास करायला घेतलं. हार्वर्डची पीएचडी, बर्लिनला शिकून आलेला, पण पद दिलं किरकोळ साहाय्यकाचं, वर्गात शिकवायला नाही दिलं. बायकोसोबत तो त्याच वस्तीत राहायला गेला, स्वतः दारोदार फिरून घरात किती माणसं, काय काम, भाडं किती हे विचारत. पुस्तक आलं १८९९ ला, शिकागोचा तो प्रसिद्ध फील्डवर्कचा काळ १९२०चं दशक. पुढे अटलांटाला त्याने वर्षानुवर्षं अशाच पाहण्या चालवल्या. वेबर १९०४ ला अमेरिकेत आला तेव्हा त्याच्याशी ओळख झाली, त्याने लेख मागून घेतला आणि १९०६ ला आपल्या जर्नलमध्ये छापला. म्हणजे वेबरला जो दिसला तो पुढे कित्येक दशकं पाठ्यपुस्तकांना दिसला नाही.

बायका नव्हत्या म्हणे. हॅरिएट मार्टिन्यू या इंग्लिश लेखिकेला ऐकू कमी यायचं, कानाला कर्णा लावून ही बाई १८३४ ते ३६ अमेरिकाभर फिरली आणि १८३७ ला पुस्तक लिहिलं. पद्धत बघा: तुमच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सगळे समान आहेत ना, मग गुलाम आणि बायका कुठे बसतात ते दाखवा. समाज कसा बघावा, निरीक्षणात काय चुका होतात यावर १८३८ ला वेगळं पुस्तक, म्हणजे कॉम्तचा तो शब्द छापून यायच्या आधी. कॉम्तचे सहा खंड इंग्रजीत दोन खंडांत आटोपशीर करून १८५३ ला आणले तेही तिनेच, आणि ते कॉम्तला इतके पटले की वाचायला त्याने तेच सुचवलं. इंग्रजी जगाने कॉम्त वाचला तो बऱ्याच अंशी तिच्या हातचा. शिकागोच्या हल हाउस या गरीब वस्तीतल्या समाजसेवा केंद्रातल्या बायकांनी १८९५ ला वस्तीचे घरागणिक पगार आणि कोण कुठल्या देशातून आलंय याचे रंगीत नकाशे छापले, विद्यापीठातल्या पुरुषांनी शहराचे नकाशे नंतर काढले.

शेवटचा मुद्दा लवकर उरकतो. टोकियोला समाजशास्त्राची चेअर (म्हणजे प्राध्यापकपद) १८९३ ला, लंडनला १९०७ ला. जर्मनीतली पहिली पूर्ण चेअर फ्रँकफर्टला १९१९ ची, आणि बॉम्बे युनिव्हर्सिटीचा विभागही १९१९ चाच. केंब्रिजला चेअर आली १९६९ मध्ये. आता उशीर कोणाला झाला ते तुम्हीच ठरवा.

हो, आणि अशा पोस्टखाली कोणीतरी लिहितंच की खरा जनक अरब विचारवंत इब्न खल्दून, ग्रंथ १३७७ चा. माणूस प्रचंड मोठा, सत्ता टिकते आणि ढासळते का याचं त्याने केलेलं विवेचन आजही वाचण्यासारखं आहे. पण विभाग, जर्नल, विद्यार्थी ही साखळी त्याच्यापासूनही सुरू होत नाही, त्यामुळे एका बापाच्या जागी दुसरा बाप बसवून काही साधत नाही.

बाकी पेपरात ‘सोशिऑलॉजी हा शब्द कोणी रूढ केला’ असं आलं तर गुपचूप कॉम्त लिहा, तिथे भांडत बसू नका.