सेडना सप्तमात असेल तर घ्यायची काळजी

घरात लग्नाची मुलगी आहे? पत्रिका काढून ठेवलीय? मंगळ नाही, एकनाड नाही, म्हणून निर्धास्त बसला आहात? मग तुम्ही मागास आहात. मीही होतो, गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारपर्यंत.

भाचीचं जमलं होतं. छत्तीसपैकी २८ गुण. कांदेपोहे झाले, दोघं दोनदा सोमेश्वरला जाऊन आले, मुलाचे वडील माझ्याशी कांद्याच्या भावावर तावातावाने बोलायला लागले. म्हणजे सोयरीक झालीच. मी नाशिकच्या गंगापूर रोडच्या एका लॉन्सला पंचवीस हजार अ‍ॅडव्हान्स भरून आलो. त्याच रात्री साडेनऊला मुलाच्या आईचा फोन.

"दादा, राग मानू नका, पण मुलीच्या सप्तमात सेडना आहे."

मला वाटलं कुणा मैत्रिणीचं काही कानावर आलंय. म्हटलं, "ताई, तिच्या कंपनीत या नावाचं कुणी नाही."

"अहो, ग्रह आहे तो! नवीन सापडलाय. सातव्या घरात, लग्नाच्या घरात बसलाय. आमचे गुरुजी अपडेटेड आहेत."

तर माझ्यासारखी फजिती तुमची होऊ नये म्हणून चार गोष्टी सांगून ठेवतो.

आधी गुरुजी बदला. जुने पंचांगवाले नवग्रहांवर थांबतात, फार तर हर्षल, नेपच्यून, प्लूटोपर्यंत जातात. तुम्हाला हवेत ते लॅपटॉपवाले. ओळखायची खूण सोपी आहे: पोथी दिसत नाही, रिंग लाइट दिसतो. ते दक्षिणा घेत नाहीत, पॅकेज देतात.

मग शास्त्रावर श्रद्धा ठेवा. ज्योतिष हजारो वर्षांच्या अनुभवातून आलंय, हे आपण लहानपणापासून ऐकतोच. सेडना, म्हणजे नेपच्यूनपलीकडचा एक छोटा गोळा, सापडली २००३ च्या नोव्हेंबरात, कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या दुर्बिणीतून. भाची तेव्हा पहिलीत होती. सूर्याभोवती एक फेरी मारायला सेडनाला साधारण ११,४०० वर्षं लागतात, म्हणजे आपले साडेनऊशे सिंहस्थ. (एका सिंहस्थापायी शहराची काय दशा झालीय ते बघताच आहात. तपोवनातल्या झाडांवर कुणाची वक्रदृष्टी पडली, ते मी विचारत नाही.) सापडल्यापासून तिने अर्धी रासही ओलांडलेली नाही. याआधी ती सूर्याच्या एवढी जवळ आली होती तेव्हा गोदाकाठी कुणी शेतीसुद्धा करत नव्हतं. तरी सप्तमातल्या सेडनाचं फळ गुरुजींना तोंडपाठ! एवढ्या पत्रिका त्यांनी कधी तपासल्या हे विचारू नका. श्रद्धा ठेवा.

सेडनाची साडेसाती लागली तर घाबरू नका, सरासरी २,८५० वर्षांत उतरते.

महादशेची काळजी मात्र करूच नका. विंशोत्तरीतली १२० वर्षं नऊ जणांत आधीच वाटून झालीत, नव्या पाहुणीला त्यात पाट नाही.

आता महत्त्वाचं. नव्या ग्रहाचं फळ कसं काढतात ते शिकून घ्या, म्हणजे पॅकेजचे पैसे वाचतील. नाव बघायचं, त्या नावाची पुराणकथा शोधायची, ती कथा कुंडलीत ओतायची. झालं. सेडना ही उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची समुद्रदेवी. बापाने तिला होडीतून ढकललं, बोटं छाटली, ती तळाशी गेली. म्हणून सप्तमात सेडना असली की संसार थंड आणि बापाचं सुख नाही. गुरुजींनी हे पितृसौख्याचं गंभीर चेहऱ्याने सांगितलं म्हणे. बायोडेटात पहिल्याच पानावर छापलंय, "वडील – कै." पण देवीचं नाव दिलं कुणी? शोधणाऱ्या माइक ब्राऊनच्या टीमने. का? तर गोळा फार लांब, फार थंड, म्हणून थंड समुद्रातली देवी. उद्या त्यांना हिमालय आठवला असता तर तीच सेडना पार्वती झाली असती आणि भाचीला अखंड सौभाग्य मिळालं असतं! याच मंडळींनी २००४ च्या नाताळानंतर लगेच एक गोळा हेरला, त्याला आपसात 'सांता' म्हणायचे. आणखी एक पुढे ईस्टरच्या सुमारास सापडला, तो 'ईस्टरबनी'. पुढे सांताचं रीतसर नाव ठेवलं हौमिया, ही हवाई बेटांची प्रसूतीची देवी. म्हणजे काल खेळणी वाटणारा दगड आज मुलं वाटायला लागला. दगड तोच, कक्षा तीच. एरिसला आधी टीव्हीवरच्या एका लढवय्या बाईचं नाव होतं. २००६ साली प्लूटोच्या पदावरून जगभर भांडणं झाली म्हणून हिला कलहाच्या देवीचं नाव दिलं आणि आता एरिस सप्तमात असली की नवराबायकोत भांडण! भांडले खगोलशास्त्रज्ञ, घटस्फोट आमचा. ऑर्कसचं तर आणखी सरळ आहे. नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत जे दोन फेऱ्या मारतात त्यांना पाताळातल्या देवांची नावं द्यायची असा संकेत आहे. म्हणून तो मृत्यूचा. आणि गोंगगोंग? त्याच्या नावासाठी २०१९ मध्ये लोकांकडून ऑनलाइन मतं घेतली. पर्याय तीन, त्यात चीनचा पूर आणणारा गोंगगोंग निवडून आला. हिवाळ्याची देवी होल्ले जिंकली असती तर पूर टळून बर्फ पडलं असतं. आमच्याकडे पुराचं माप गोदेच्या पात्रातला दुतोंड्या मारुती देतो. पाणी त्याच्या कमरेला लागलं की सराफ बाजार आपणहून आवरायला घेतो. त्याला मतदान लागत नाही.

२०२५ साली आणखी एक गोळा जाहीर झाला, २०१७ ओएफ२०१. फेरी साधारण २५,००० वर्षांची. त्याला अजून नाव नाही, म्हणून सध्या तो कुणाचं वाईट करत नाही. बारसं व्हायच्या आत लग्नं उरकून घ्या.

नेपच्यूनपलीकडे असे हजारो सापडलेत आणि चिलीतली वेरा रुबिन वेधशाळा आणखी ढिगाने शोधणार आहे. घरं मात्र बाराच. कुठल्याही मुलीच्या सप्तमात आता चाळभर बिऱ्हाड निघेल.

उपायाचं राहिलं. सेडना रंगाने लालभडक, म्हणून मंगळाचं पोवळंच चालतं. शांतीचे साडेसात हजार.

मी त्या रात्री ताईंना एवढंच विचारलं, "मुलाच्या पत्रिकेत सेडना कुठे आहे?"

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. मग म्हणाल्या, "मुलाची नाही पाहिली."

मुलगा भाचीपेक्षा तीन वर्षांनी मोठा. तीन वर्षांत सेडना जेमतेम दोन अंश सरकते. त्याची, तिची, दोघांच्या वर्गातल्या सगळ्या पोरांची सेडना जवळपास एकाच जागी. घर ठरतं जन्मवेळेच्या लग्नावरून, म्हणजे तेव्हा पूर्वेला उगवत असलेल्या राशीवरून, आणि हे लग्न साधारण दोन तासांनी बदलतं. म्हणजे त्या काळात जन्मलेल्या दर बारांतल्या एकाच्या सप्तमात ती निघणार. नाशिकात असे किती संसार चालू आहेत? जाऊन विचारा ना!

की विचारायचंच नाहीये, ताई? कारण आदल्या रविवारी भाचीने चहाचा कप खाली ठेवून तुम्हाला सांगितलं होतं, "माझी आई सहा महिने आमच्याकडे राहील." तुमच्या मिस्टरांनी तेव्हा बिस्किट बुडवायचं थांबवलं, ते मी पाहिलं. दोन दिवसांत सेडना सप्तमात आली. ११,४०० वर्षांच्या हिशेबात फारच चपळ म्हणायची.

ताई, तुम्ही एमएस्सी आहात, तुमचा मुलगा इंजिनीअर आहे. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच महाराष्ट्रात ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या होत्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली. हुशार मूल कुठलं आणि मतिमंद कुठलं, एवढंच ओळखायचं होतं. बरोबर उत्तरं ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी निम्मी आली असती. हे तुम्हाला माहीत नाही असं नाही. तुम्हाला मुलीची आई घरात नको होती. तसं सांगायचं होतं, आम्ही "बरं" म्हणून फोन ठेवला असता. पण तेवढं तोंड वर करून बोलायची हिंमत नाही, म्हणून तुम्ही एका अठ्ठावीस वर्षांच्या पोरीच्या पत्रिकेवर डाग ठेवलात. तो आता मध्यस्थांच्या तोंडून नाशिकरोडपर्यंत पोचलाय. परवा एका स्थळाने तिलाच विचारलं, "ते सेडनाचं काय आहे?"

लॉन्सवाला अ‍ॅडव्हान्स परत देत नाही, सहा महिन्यांत दुसरी तारीख घ्या म्हणतो. पावतीचा फोटो मी तुम्हाला दोनदा पाठवलाय. निळी टिक आलीय. साडेबारा हजार कधी पाठवताय?