कीबोर्डचा स्पीकर नेमका गुडघ्यांना ऐकवा

दहा बाय दहाचा गाळा, वर दहा फुटांवर स्लॅब आणि पुढे लोखंडी शटर. कीबोर्डचा स्पीकर चुकीचा ठेवायला याहून झकास जागा सांगली-मिरजेत शोधून मिळायची नाही. गणपती तोंडावर आलेत, सुपाऱ्या ठरल्यात, रोज रात्री प्रॅक्टिस आहे. अशा वेळी आवाज साफ करून बँडमधली भांडणं मिटवण्याचा आगाऊपणा करू नका.

सुरुवात सोपी आहे. स्पीकर जमिनीवर ठेवा, अगदी कीबोर्डच्या स्टँडखाली, तोंड तुमच्या नडगीकडे करून. बऱ्याच बारा इंची स्पीकरांच्या हॉर्नचा, म्हणजे वरचे सूर फेकणाऱ्या भोंग्याचा, पसारा आडवा 90 अंश आणि उभा 60 अंश असतो, म्हणजे मध्यरेषेच्या वर जेमतेम 30. तुम्ही दोन फुटांवर उभे, कान जमिनीपासून पाच फुटांवर. हॉर्न जमिनीपासून दीड फुटावर धरून हिशेब केला तर कान हॉर्नच्या रेषेपासून 60 अंश वर निघतो. तुमच्या गुडघ्यांना पियानोचा प्रत्येक सूर काचेसारखा स्वच्छ ऐकू जाईल. कानाला मात्र गोधडीतून आल्यासारखा गदगद आवाज येईल.

मग तुम्ही काय कराल, हे सांगायची गरजच नाही. ट्रेबल वाढवाल. स्पीकरसमोर आठ फुटांवर खुर्चीत बसलेला गिटारवाला ऐन हॉर्नच्या माऱ्यात असतो. त्याच्या कानात सुया टोचायला लागल्या की तो स्वतःचा अँप दोन घरं वर नेईल. गिटार चढली की ड्रमवाला हात सैल सोडेल, कारण ड्रमला बटण नसतं. शेवटी तुम्ही पुन्हा वर. पंधरा मिनिटांत खोली 100 डेसिबलला पोचते, आणि 100 डेसिबलला कानाला दिवसभरात झेपतात तीही तेवढीच पंधरा मिनिटं. प्रॅक्टिस तीन तासांची ठेवा.

काही चोखंदळ लोक स्पीकर स्टँडवर चढवून हॉर्न कानाच्या उंचीला आणतात. काही तो मॉनिटरसारखा आडवा टाकून, तोंड वर करून, तीन-चार फुटांवरून थेट कीबोर्डवाल्याच्या चेहऱ्याकडे वळवतात. मग त्यांना निम्म्या आवाजात सगळं ऐकू येतं. अशांची संगत टाळा.

आता कोपरा. स्पीकर कोपऱ्यात कोंबला की दोन भिंती आणि जमीन मिळून खर्ज फुकटात वाढवून देतात. शिवाय तुमच्या गाळ्याची तिन्ही मापं एकच, त्यामुळे लांबी, रुंदी आणि उंची या तिन्हींचा घुमारा एकाच जागी, 56 हर्ट्झच्या आसपास साठतो. डाव्या हाताला स्प्लिट लावून, म्हणजे कीबोर्डच्या डाव्या भागाला वेगळा आवाज देऊन, बेस एक ऑक्टेव्ह खाली घेतलात की खर्जातली पांढरी सहा (सहावी पांढरी पट्टी) 55 हर्ट्झला येते. बाकीचे सूर बेताचे वाजतील. पांढरी सहा दाबली की शटर थरथरेल, स्नेअरच्या तारा आपोआप खुळखुळतील आणि बेस गिटारवाला चिडून तुमच्याकडे बघेल. त्याला सांगा, तुझीच तार सैल आहे.

कोपरा नकोच असेल तर स्पीकर मागच्या भिंतीपासून 86 सेंटिमीटरवर ठेवा. मागे गेलेला खर्ज भिंतीवर आपटून परत येईपर्यंत 172 सेंटिमीटर चालतो, ही 100 हर्ट्झच्या लाटेची बरोबर अर्धी लांबी. पुढे जाणारा आणि मागून येणारा आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. कोपऱ्यात नुसता फुगलेला बेस आता नेमका मधूनच गायब होईल, आणि तुम्ही बटण फिरवत बसाल. बटणाने हा खड्डा भरत नाही, स्पीकर हलवावा लागतो. पण तो हलवायचा नाही. शेजारी मिरजेत तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा झंकार, खुलावी म्हणून तारेखालचा दोरा केसभर सरकवत बसतात; तिथल्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तुम्ही फूटभर स्पीकरसुद्धा सरकवू नका. मानांकन घेऊन करायचंय काय?

भिंतींना अंड्यांचे ट्रे जरूर चिकटवा. खर्जाला ते दिसतसुद्धा नाहीत, पण फोटो छान येतो आणि ठिणगी पडली तर पेटतातही झटकन.

गायकाचा माइक कीबोर्डच्याच स्पीकरमध्ये घाला आणि स्पीकर गायकाच्या पाठीमागे, त्याच्या खांद्यावरून माइकच्या जाळीकडे तोंड करून ठेवा. साधा कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः तोंडासमोरचं ऐकणारा, माइक सर्वांत कमी ऐकतो तो आपल्या शेपटीकडून. म्हणून स्पीकर शेपटीसमोर ठेवला तर फीडबॅकची शिट्टी उशिरा येते. तुम्हाला ती लवकर हवी आहे. त्याच स्पीकरमध्ये ऑक्टोपॅड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रमची पाटीही घाला. दर किकला स्पीकरचा लिमिटर (आवाज हद्दीबाहेर गेला की दाबणारी यंत्रणा) सगळ्यांचा गळा आवळेल, आणि तुमचे स्ट्रिंग्ज दम्याच्या पेशंटसारखे धापा टाकतील.

एकच वायर असेल तर ती मागच्या उजव्या जॅकमध्ये खुपसा. डाव्याशेजारी ‘एल/मोनो’ लिहिलेलं असतं, तिथे लावली तर बऱ्याच कीबोर्डांत दोन्ही बाजू एकत्र होऊन येतात. उजवीकडून अर्धाच पियानो येईल. दोष कंपनीला द्या. वायर तीस फुटी घ्या, साधी गिटारची, आणि एक्सटेंशन बोर्डाभोवती वेटोळं करून टाका. लांब वायरीतली घरघर टाळणारा डीआय बॉक्स म्हणजे पैशाची उधळपट्टी.

घूंऽऽ आवाज आला की कुणीतरी प्लगची अर्थची पिन काढायला सुचवेल. हा सल्ला मात्र उपरोधानेही देववत नाही. त्याने गायकाच्या ओठांना माइकमधून शॉक बसू शकतो, जिवावर बेतू शकतं. घूं घालवायचा तर सगळं एकाच बोर्डावर लावतात, नाहीतर डीआय बॉक्सवरचा ग्राउंड लिफ्ट दाबतात. झालं, पुन्हा आपल्या कामाला लागा.

एवढं करूनही एखादा शहाणा निघतोच. म्हणतो, कीबोर्डवाल्याच्या जागी कान नेऊन ऐकू या, खर्जातले बारा सूर एकेक वाजवून स्पीकर थोडाथोडा सरकवू या आणि जिथे सगळे सारखे वाजतील तिथे जमिनीवर चिकटपट्टी मारू या. त्याला चहा आणायला पिटाळा. तो येईपर्यंत पट्टीवर ड्रमखालचा गालिचा अंथरून टाका.