गुरुजींचं विज्ञान प्रशिक्षण खरंच वाया जातं?

आमच्या यवतमाळकडच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरतोय: ‘झेडपीच्या मास्तरांची विज्ञान प्रशिक्षणं म्हणजे चहा, बिस्किट अन् सही. डी.एड. झालेल्याला पुन्हा काय शिकवायचं? व्हिडिओ पाठवा, भागतं. तसंही खेड्यात प्रयोगशाळा कुठे आहे?’ मी सहावी-सातवीला विज्ञान शिकवतो, म्हणून उत्तर देतोय.

आधी डी.एड.चं. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर पालथा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी चढतं. ‘ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्यानं घेतली’ असं मी डी.एड. होऊनही कित्येक वर्षं पोरांना सांगत आलो. तालुक्याच्या प्रशिक्षणात एक मॅडम म्हणाल्या, ‘आता तीन मेणबत्त्या लावा.’ पाणी आणखी वर चढलं. ग्लास तोच, ऑक्सिजन तेवढाच, मग असं कसं? आम्ही अर्धा तास वाद घातला. ज्योतीनं हवा तापून फुगते, थोडी बुडबुड्यांनी बाहेर जाते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरचा दाब पाणी आत ढकलतो. विझताना आत ऑक्सिजन बराच शिल्लक असतो!

व्हिडिओत हेही दिसलं असतं. पण व्हिडिओनं मला ‘तुम्हाला काय वाटतं, सर?’ असं विचारलं नसतं, आणि माझी चूक माझ्याजवळच राहिली असती. प्रयोगशाळेचं म्हणाल तर हे सगळं सामान गावच्या किराणा दुकानात मिळतं.

‘सही’चा आरोप मात्र अर्धा खरा आहे. एका हॉलमध्ये शंभर शिक्षक बसवून दिवसभर स्लाइड वाचल्या, तर वर्गात काही पोहोचत नाही. २०२०च्या शैक्षणिक धोरणानं शिक्षकाला वर्षाला ५० तास प्रशिक्षण सांगितलंय. त्या तासांत हात चालतात की नुसते कान, हे कोण बघतं?

मेळघाट ओलांडून बैतूलच्या पुढे मध्य प्रदेशातल्या होशंगाबादला १९७२मध्ये १६ शाळांत विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. तिथे शिक्षक स्वतः प्रयोग करून शिकत आणि पुढे दर महिन्याला भेटून अडचणी मांडत. कार्यक्रम २००२पर्यंत चालला. महिन्याची ती बैठक मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण प्रयोग फसतो तो वर्गात, प्रशिक्षण संपल्यावर.

आपल्याकडे केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद आहेच. तिथली माहिती-तक्त्यांची चर्चा आटोपून एक तास प्रयोगाला द्या, असं मी आमच्या केंद्रप्रमुखांना लेखी दिलंय. पुढच्या परिषदेला मी ग्लास आणि मेणबत्त्या घेऊन जाणार आहे.