इतिहास सांगायचा परवाना

जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. तेव्हापासून ओळखीच्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप गटात एक वाद परत परत वर येतो: गडावर माहिती सांगून पैसे घेणाऱ्याला परीक्षा आणि परवाना सक्तीचा करावा का? बहुतेकांचं उत्तर एकच. ‘महाराजांचा इतिहास सांगायला सरकारी कागद कशाला, तो आमच्या रक्तात आहे.’ त्यावर दुसरा कुणी जोड देतो, ‘पैसे घेऊन इतिहास सांगणं म्हणजे इतिहास विकणं.’ मला ही दोन्ही वाक्यं मान्य नाहीत. मी ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये राहते आणि हेच काम परवाना काढून करते, त्यामुळे या विषयावर गप्प बसणं मला जमणार नाही.

ऑस्ट्रियात इलेक्ट्रिशियन आणि गाइड एकाच व्यवसाय कायद्याखाली येतात. चुकीची तार जोडली तर घर जळतं, हे सगळ्यांना पटतं. चुकीचा इतिहास सांगितला तर काय जळतं, हे लगेच दिसत नाही, पण काहीतरी जळतं हे कायद्याने गृहीत धरलं आहे. लेखी परीक्षा, तोंडी परीक्षा आणि प्रत्यक्ष गट घेऊन चालण्याची परीक्षा, अशा तिन्ही पायऱ्या चढल्याशिवाय या देशाचा वारसा पैसे घेऊन दाखवता येत नाही. पुण्या-मुंबईहून आलेल्या टूरच्या मॅनेजरने गटाला सांभाळावं, जेवणाची सोय बघावी. गावाची माहिती देणं हे इथल्या परवानाधारकाचं काम. आपल्या लोकांना ही अडवणूक वाटते. मला ती कामाची इज्जत वाटते.

कारण हे काम पाठांतराचं नाही. इन्सब्रुकच्या जुन्या गावाची फेरी सव्वा-दीड किलोमीटरची असते आणि तिला दोन तास लागतात. म्हणजे बराचसा वेळ उभं राहण्यात जातो. उभं कुठे राहायचं, हे ज्याला कळलं त्याला अर्धं काम कळलं.

सुरुवात ट्रिउम्फफोर्टे या विजयकमानीपासून करावी, आणि तीही कमानीच्या दक्षिणेकडच्या फूटपाथवरून. 1765 च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिचा मुलगा लिओपोल्ड याचं लग्न या गावात झालं, आणि समारंभ चालू असतानाच 18 तारखेला तिचा नवरा, सम्राट फ्रान्झ, वारला. म्हणून कमानीच्या दक्षिण बाजूला लग्नाचा आनंद कोरलेला आहे आणि गावाकडच्या उत्तर बाजूला मृत्यूचा शोक. गट दक्षिणेकडून आणला, आनंद दाखवला, सिग्नल बघून पलीकडे नेला आणि मागे वळायला सांगितलं, की एक शब्द न बोलता अर्धी गोष्ट कळते. उलट्या दिशेने आलं की नुसती तारखांची यादी उरते.

पुढे मारिया थेरेसियन रस्त्यावर आनास्तंभ. नाव संत आनाचं असलं तरी टोकावर मरिया आहे. आना खाली, चौथऱ्याशी. 26 जुलै 1703 ला, म्हणजे आनाच्या सणाला, बव्हेरियाचं सैन्य हटलं आणि 1706 मध्ये स्तंभ उभा राहिला. इथे नवशिक्यांची चूक ठरलेली असते. स्तंभाच्या मागे नॉर्डकेट या डोंगररांगेची भिंत उभी असते आणि फ्योन, म्हणजे डोंगरावरून उतरणारा गरम वारा, सुटला असेल तर ती हाताच्या अंतरावर आल्यासारखी दिसते. अशा वेळी बोलायला तोंड उघडलं तरी कुणी ऐकत नाही. आधी फोटोला पाच मिनिटं द्यावीत, मग बोलावं. फ्योनमध्ये वारा आवाज पळवतो, म्हणून वाऱ्याला पाठ देऊन गट आपल्या समोर, वाऱ्याच्या दिशेने उभा करावा.

जुन्या गावात शिरण्याआधी डोकी मोजायची. जिथे खंदक होता, तिथून आता ट्राम जाते, आणि लोक वर बघत चालत असतात. पंचवीसच्या वर माणसं असतील तर कानात घालायचे रिसीव्हर द्यावेत. ते नसतील तर ओरडू नये, गट जवळ घ्यावा. पाऊस आला की लाउबनखाली, म्हणजे घरांच्या कमानदार ओसरीत, जावं, पण दुकानाचं दार अडवू नये. दुकानदार तो चेहरा लक्षात ठेवतो.

लाउबनच्या बाहेर घरांच्या तळाशी भिंतींना तिरके, जाड टेकू दिलेले दिसतात. सतराव्या शतकातल्या भूकंपांनंतर ते बांधले. याकडे बोट दाखवणं मला फार महत्त्वाचं वाटतं. राजवाडे सगळेच दाखवतात. साध्या माणसाने आपलं घर पडू नये म्हणून काय केलं, हे या टेकूंमध्ये दिसतं. शहराच्या मनोऱ्यावर 133 पायऱ्या चढून जाता येतं, पण फेरीच्या मध्ये गट वर नेऊ नये. जिना अरुंद आहे, वर जाणारे आणि खाली येणारे अडकतात आणि फेरीचा सगळा हिशेब बिघडतो. शेवटी ज्याला जायचं त्याने जावं.

मग सोन्याचं छप्पर, एका जुन्या वाड्याच्या बाल्कनीवरचं. बाल्कनीच्या थेट खाली उभं राहिलं तर छप्पर दिसतच नाही. मागे सरून, समोरच्या हेल्ब्लिंगहाउस या घराच्या बाजूने तिरकं उभं राहावं. दर्शनी बाजू दक्षिणेकडे असल्याने दुपारी ऊन बघणाऱ्यांच्या पाठीवर येतं, पण गाइडच्या डोळ्यांत जातं, ते सोसावं. डिसेंबरात चौकात बाजार भरला की सकाळी दुकानं उघडायच्या आधी यावं, नाहीतर उभं राहायला जागा नसते. वर 2,657 तांब्याची कौलं आहेत. पाऱ्यात कालवलेलं सोनं तांब्यावर चढवून तापवायचं, पारा उडून जातो आणि सोनं चिकटून राहतं. असा हा मुलामा आहे. खालची शिल्पं नक्कल आहेत, अस्सल फर्डिनांडेउम संग्रहालयाच्या संग्रहात आहेत. हे सांगायला लाजू नये. पाहुण्याला नंतर दुसरीकडून कळलं तर त्याला आपलं आधीचं सगळं बोलणं खोटं वाटतं.

या छपराची एक लोकप्रिय गोष्ट आहे. ड्यूक फ्रीडरिश याला लोक ‘रिकाम्या खिशाचा’ म्हणून चिडवायचे, म्हणून त्याने ईर्षेने सोनं चढवलं. गोष्ट छान आहे, पण फ्रीडरिश 1439 मध्ये गेला आणि छप्पर 1500 च्या सुमारास, पुढे सम्राट झालेल्या माक्सिमिलियानने करून घेतलं. गोष्ट मुळीच सांगू नये, असं मात्र नाही. सांगावी, मग दोन्ही सालं शेजारी ठेवावीत, आणि या वाड्यात आधी फ्रीडरिश राहत होता म्हणून गोष्ट त्याला चिकटली, हेही सांगावं. लोकांना गोष्ट मिळते आणि ती कशी जन्मली हेही कळतं.

मधल्या एका शिल्पात माक्सिमिलियान दोन बायकांबरोबर दिसतो. पहिली, मारी, तोवर वारलेली. दुसरी मिलानची बियांका मारिया स्फोर्झा, जिच्याशी त्याने भल्या मोठ्या हुंड्यासाठी लग्न केलं. परवाना मिळालेला गाइड हे दबक्या आवाजात सांगत नाही. हा सम्राट या गावाचा लाडका आहे, तरी 1518 च्या अखेरीस तो आला तेव्हा जुनी उधारी थकल्यामुळे इथल्या खानावळवाल्यांनी त्याच्या लोकांना दारात घेतलं नाही, आणि 12 जानेवारी 1519 ला तो वेल्सला वारला, हेही याच चौकात सांगितलं जातं. याच चौकात 1536 मध्ये याकोब हुटर या धर्मोपदेशकाला त्याच्या श्रद्धेपायी जिवंत जाळलं. त्याची पाटी भिंतीवर आहे आणि तिथे थांबावंच लागतं. होफकिर्खे या चर्चमध्ये माक्सिमिलियानची भव्य समाधी आणि तिच्याभोवती 28 काशाचे पुतळे आहेत, पण समाधी रिकामी आहे. तो वीनर नॉयश्टाटला पुरलेला आहे. थोड्या अंतरावर, लांडहाउस या प्रांतिक सरकारच्या इमारतीसमोरच्या चौकात, नोव्हेंबर 1938 मध्ये एका रात्री नाझींनी मारलेल्या ज्यू रहिवाशांची नावं असलेलं स्मारक 1997 मध्ये उभं राहिलं. या गावाने ते उभारायला फार उशीर केला, आणि हेसुद्धा सांगायचं असतं.

आता रायगडाकडे या. बाजारपेठेचे चौथरे दाखवून ‘इथे घोड्यावर बसूनच खरेदी व्हायची’ असं ठासून सांगितलं जातं. याला समकालीन कागदाचा आधार मिळत नाही, आणि ही दुकानंच होती का, याबद्दलही अभ्यासकांना शंका आहे. आणि जिथे आधार दगडात कोरलेला आहे, तिथे काय होतं? जगदीश्वराच्या पायरीवर ‘सेवेचे ठायी तत्पर’ असं कोरून गड बांधणाऱ्या हिरोजीने आपलं नाव ठेवलं. त्या पायरीशी गटाला बसवून पाच मिनिटं बोलावं इतका मोलाचा तो दगड, आणि कितीतरी गट रोपवेची वेळ गाठायची म्हणून त्यावरून चालत जातात. नगारखान्याच्या दारात एकाला उभं करून दुसऱ्याने सदरेवरून हलक्या आवाजात बोलावं, एवढ्यानेसुद्धा तिथल्या बांधकामाची अक्कल अंगावर येते. त्यासाठी गट गप्प करता यायला हवा, आणि गट गप्प करणं हे शिकावं लागतं. 1689 मध्ये हा गड मोगलांकडे गेला, 1818 मध्ये इंग्रजांच्या तोफांनी जळला. घोषणा संपल्यावर हे कोण सांगतं? ‘रक्तात आहे’ म्हणणाऱ्याला हे सांगता येत नाही असं नाही. पण सांगितलंच पाहिजे, असं त्याच्यावर कुणाचं बंधन नाही.

यावर मला मिळणारं उत्तर ठरलेलं आहे: ‘तिकडे बसून आम्हाला शिकवू नका.’ हे लागतं. इथे मराठी गट येतो, छपराकडे बघून ‘एवढंसंच?’ म्हणतो, तेव्हा मला या गावाच्या बाजूने राग येतो. आणि इथला एखादा पाहुणा आमच्या किल्ल्यांना ‘पडके अवशेष’ म्हणतो, तेव्हा त्याच्यावर त्याहून जास्त राग येतो. दोन्हीकडून मी वकिली करते, आणि दोन्हीकडे मला पूर्ण घरचं कुणी धरत नाही. जिथे जन्म नाही त्या गावाबद्दल बोलायचा हक्क मी अभ्यासाने मिळवला. गळ्यातला बिल्ला पाहून इथला माणूस, नाव परकं असलं तरी, प्रश्न विचारतो आणि उत्तर ऐकून घेतो. जिथे जन्म आहे त्या गडाबद्दल मात्र माझ्याकडे फक्त जन्म आहे. रायगडावर उद्या मला गट घेऊन उभं केलं तर कुणी परीक्षा मागणार नाही, आणि मला हेच नको आहे. ज्या गोष्टीवर माझा सगळ्यात जास्त जीव आहे, तिथे माझी उलटतपासणी व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

वादातला एक आक्षेप मात्र खरा आहे. परीक्षा आली की शहरातले पदवीधर पास होतील आणि पाचाड-हिरकणीवाडीची जी पोरं आज गडावर माहिती सांगून घर चालवतात ती बाहेर फेकली जातील. इथलं शिक्षण स्वस्त नाही, आणि ही त्रुटी उचलून आणायची गरज नाही. परीक्षा मराठीत घ्या, गडावरच घ्या, खालच्या गावांतल्या मुलांना शिकवणी आणि फी माफ करा. लेखीपेक्षा चालून दाखवण्याला जास्त गुण ठेवा: वाटेत म्हातारं माणूस दमलं तर कुठे बसवायचं, धुक्यात टकमकाकडे गट न्यायचा की नाही, आणि एखाद्याने विचारलं की ‘याला पुरावा काय’, तर काय उत्तर द्यायचं.