हरलात का रे परत?

आमची आइस हॉकीची टीम या सीझनला हरते आहे. सांगलीहून आई दर रविवारी व्हिडिओ कॉलवर "हरलात का रे परत?" विचारते. ऑफसाइड म्हणजे काय ते तिला अजून समजलेलं नाही, पण माझ्या तोंडाकडे बघून स्कोअर बरोबर समजतो. मी इथे कॅनडात ब्रॅम्प्टनला अकरा वर्षांखालच्या मुलांच्या एका हाउस लीग (स्थानिक हौशी लीग) टीमचा कोच आहे. मानधन वगैरे काही नाही. शनिवारी पहाटे उठायचं, गारठलेल्या रिंकवर जायचं आणि कॉफी स्वतःच्या पैशाने प्यायची. तरी हरल्यावर सल्ले मात्र भरभरून मिळतात, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो.

सल्ल्यांचे दोन प्रकार. काही पालक म्हणतात, "अहो, मुलं एन्जॉय करतायत ना, मग झालं!" दुसरे काही बोलत नाहीत, फक्त स्कोअरबोर्डचा फोटो ग्रुपवर टाकतात. माझं दोघांशीही पटत नाही. सात-एकने हरून आलेल्या दहा वर्षांच्या पोराला "मजा आली ना?" विचारून बघा, तो तुमच्याकडे कसा बघतो ते. हरणं वाईटच असतं, पोरांना ते आपल्यापेक्षा जास्त कळतं. पण त्या सात-एकवरून टीमचं नेमकं काय चुकतंय हेही समजत नाही.

मी बघतो ते पक (बर्फावरची रबरी चकती) समोरच्यांकडे गेल्यानंतरचे दोन-तीन सेकंद. आइस हॉकीत पक सारखा जातच असतो, एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या भल्याभल्यांचा जातो. प्रश्न असा की गेल्यावर तुम्ही काय करता. सीझनच्या सुरुवातीला आमचा एक जण छताकडे बघायचा, एक रेफरीकडे, आणि दोघं-तिघं बेंचकडे, म्हणजे माझ्याकडे. तेवढ्यात समोरचे तिघं आमच्या एकट्या डिफेन्समनवर चालून गेलेले असायचे. आमच्यावर झालेले बहुतेक गोल असेच झालेत. गोलीला (गोलकीपरला) बोल लावणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावं.

आमच्यात एक मुलगा आहे, स्केटिंगला सगळ्यात संथ. पक गेला की काठी बर्फावर आपटायचा. परवाच्या मॅचमध्ये समोरच्यांच्या ब्लू लाइनवर, म्हणजे त्यांच्या गोलच्या बाजूच्या निळ्या रेषेवर, त्याचा पक गेला आणि गडी तिथल्या तिथे वळला. धापा टाकत आमच्या गोलपर्यंत मागे आला, काठीचं पातं बर्फावर टेकवलं आणि त्यांच्या मोकळ्या पोराकडे जाणारा पास अडवला. बस, एवढंच. आम्ही ती मॅच पाच-दोनने हरलो. स्कोअरशीटवर गोल, असिस्ट (गोलसाठी दिलेला पास) आणि पेनल्टी लिहितात, त्यामुळे त्याच्या नावापुढे काहीच नाही. माझ्या वहीत मात्र आहे.

दुसरं दुखणं शिफ्टचं, म्हणजे रिंकवरच्या एका पाळीचं. पाऊण मिनिट जीव तोडून खेळायचं आणि बाहेर यायचं. खो-खोत खो दिल्यावर आपण निमूट बसतो ना, तसं. पण गोल करायची हौस असलेलं पोर दमलं तरी उतरत नाही, आणि दमलेले पाय मागे पळत नाहीत. म्हणजे फिरून पुन्हा तेच.

कोचिंगची गोष्ट निघाली की इथे कोणीतरी १९८० चं लेक प्लॅसिडचं हिवाळी ऑलिंपिक काढतंच. ९ फेब्रुवारीला न्यूयॉर्कमध्ये सोव्हिएत संघाकडून १०-३ ने मार खाल्लेल्या अमेरिकन पोरांनी २२ तारखेला ऑलिंपिकमध्ये त्यांनाच ४-३ ने हरवलं. गोष्ट मोठीच आहे, पण आमच्यासारख्यांच्या ती फार कामाची नाही. तेरा दिवसांत चमत्कार होतो असं पालकांना वाटायला लागतं.

मला एनएचएलमधल्या टँपा बे लायटनिंग या टीमची गोष्ट जास्त पटते. २०१८-१९ च्या सीझनला कोच जॉन कूपरच्या या टीमने ८२ पैकी ६२ मॅच जिंकल्या. निकिता कुचेरॉव्हचे एकट्याचे १२८ पॉइंट, म्हणजे गोल आणि असिस्ट मिळून. आणि प्लेऑफच्या (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांच्या) पहिल्याच फेरीत कोलंबसच्या टीमने त्यांना सलग चार मॅच हरवून घरी पाठवलं. पहिल्या मॅचमध्ये तर ३-० ने पुढे असताना ४-३ ने हरले. आपल्याकडे असं झालं असतं तर दुसऱ्या दिवशी कोचची हकालपट्टी. तिथे कूपर राहिला आणि मुख्य खेळाडूही राहिले. पुढच्या वर्षी ब्लेक कोलमन आणि बार्कली गुड्रो यांना आणलं. हे काही स्टार नव्हेत, कोपऱ्यात घुसून पक काढणारे, अंगावर शॉट झेलणारे, मागे पळणारे गडी. देखणे पास कमी झाले, धोका कमी झाला, २-१ ने जिंकायची सवय लागली. ऑगस्ट २०२० मध्ये पहिल्या फेरीत पुन्हा कोलंबसच समोर. पहिली मॅच पाच ओव्हरटाइम चालली. समोरच्या गोलकीपर कॉर्पिसालोने ८५ शॉट अडवले, तरी हे थांबले नाहीत आणि ब्रेडन पॉइंटने शेवटी गोल मारला. त्या वर्षी स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, पुढच्या वर्षी परत.

कूपर आधी वकील होता बरं का. आमच्या लॉबीतल्या आयटीवाल्यांनी आशा सोडायला नको, मी पण त्यातलाच.

आणि आपल्या लडाखच्या मुली! भारताचा महिला आइस हॉकी संघ २०१६ मध्ये तैपेईला पहिल्यांदा चॅलेंज कप ऑफ एशिया या स्पर्धेत उतरला आणि एकही मॅच न जिंकता परत आला. लेहला तेव्हा सरावासाठी गोठलेलं तळं, तेही हिवाळ्यातले जेमतेम दोन महिने. देहरादूनची पक्की रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेनंतर वर्षानुवर्षं बंद. २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपिन्सवर ४-३ असा पहिला विजय मिळवला, आणि २०२५ मध्ये यूएईतल्या अल ऐनला आशिया कपमध्ये ब्राँझ. नऊ वर्षं लागली. आमच्याकडे बारा महिने रिंक आहे आणि आम्ही नोव्हेंबर ते जानेवारीत निकाल मागतो.

जिंकायचा सोपा उपाय मलाही माहीत आहे. शेवटच्या पिरियडला चांगली पाच पोरं उतरवायची आणि बाकीच्यांना बेंचवर बसवायचं. दोन पालकांनी हळूच सुचवूनही झालं. हाउस लीगचा नियम सगळ्यांना सारखं खेळवा म्हणतो, पण तो नसता तरी मी हे केलं नसतं. त्या संथ पोराला मी तेव्हा बसवून ठेवलं असतं तर तो पास कोणी अडवला असता? आमचे पट्टीचे गोल मारणारे तेव्हा समोरच्या गोलपाशीच उभे होते.

प्रॅक्टिसमध्ये आता मी शूटिंग कमी केलंय. अर्धा वेळ एकच ड्रिल: शिट्टी वाजली की ज्याच्याकडे पक आहे त्याने तो सोडायचा आणि सगळ्यांनी वळून मागे. पोरं कंटाळतात. कंटाळू देत.

शनिवारी पावणेसातला टेबलमध्ये पहिल्या असलेल्या टीमशी मॅच आहे. बहुतेक हरू. बघायला या, फक्त काचेवर हात आपटून "शूट, शूट" ओरडू नका. पोरं आमचं सोडून तुमचं ऐकतात.