‘गनमेटल गळ्यात मारलं’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब. एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क. पण उत्तर इथेच देतो, कारण पाच इंची गेजचं (रुळांमधलं अंतर पाच इंच) वाफेवर चालणारं छोटं रेल्वे इंजिन बांधणारा जवळजवळ प्रत्येक जण काउंटरवर हेच विचारतो. तुमचं म्हणणं असं: सिलिंडरसाठी पितळ मागितलं तर महागडं गनमेटल (तांब्या-कथलाचा मिश्रधातू) गळ्यात मारलं, खऱ्या इंजिनात बीड असतं हे आम्हाला ठाऊक नाही, आणि आमचं कास्टिंग (सिलिंडरचा ओतीव भाग) खराब असल्यामुळे इंजिन अडकतं.

पितळेची सळई गुलालवाडीत सहज मिळते, स्वस्त पडते, लेथवर लोण्यासारखी कापली जाते. टेबलावरच्या छोट्या इंजिनाला आम्हीही तीच देतो. पण त्या पितळेत जस्त ४० टक्क्यांच्या आसपास असतं. गरम, ओल्या वाफेत ते हळूहळू निघून जातं आणि मागे लालसर, सच्छिद्र तांबं उरतं. तुमचं इंजिन माणसं ओढणारं आहे. तुम्हाला दिलेल्या गनमेटलमध्ये तांबं ८५ टक्के आणि कथील, शिसं, जस्त प्रत्येकी ५ टक्के. भाव चढतो तो तांब्या-कथलाचा, आमचा नाही.

बिडाबद्दल तुमचं बरोबर आहे. त्यातल्या ग्राफाइटमुळे बोअरला, म्हणजे पिस्टन फिरतो त्या आतल्या भोकाला, गुळगुळीत झिलई येते, सुपरहीट (पुन्हा तापवलेल्या) वाफेलाही ते टिकतं. दर रविवारी इंजिन चालवणाऱ्याला आम्ही स्वतःहून बीड सुचवतो. पण तुम्हीच लिहिलंय की तुमचं इंजिन मे महिन्यात आणि दिवाळीत सोसायटीतल्या मुलांसाठी बाहेर निघतं. म्हणजे मधला अख्खा पावसाळा ते कपाटात. मुंबईच्या दमट हवेत सिलिंडरमध्ये थोडं पाणी राहिलं तरी बिडाचा बोअर गंजणार, आणि ऐन दिवाळीत पिस्टन हलणार नाही. दर वेळी पाणी काढून, तेल सोडून ठेवणार असाल तर जरूर घ्या, आमच्याकडे आहे.

आता अडकण्याचं. इंजिन कॉम्प्रेसरच्या हवेवर छान पळतं आणि वाफेवर चार फेऱ्यांत जाम होतं, असं तुम्ही म्हणता. हवेवर पळतं तर मग कास्टिंगला दोष का? फरक उष्णतेचा आहे. साडेपाच बार दाबाची वाफ १६० अंशांच्या वर असते. पिस्टन तुम्ही बाहेरून ॲल्युमिनियमचा करून घेतलात, रिव्ह्यूमधल्या फोटोत तो स्पष्ट दिसतो. ॲल्युमिनियम गनमेटलपेक्षा जास्त फुगतं. तुमच्या ३८ मिलिमीटर बोअरला तो फरक साधारण ०.०२५ मिलिमीटर होतो. शिवाय सुरुवातीला पिस्टन लगेच तापतो, सिलिंडरचा जाड ठोकळा मागे राहतो. लेथवाल्याने थंड असताना बोटाने जेमतेम सरकेल असा घट्ट बसवला असेल, तर गरम झाल्यावर जागा उरणार कुठून?

उपाय स्वस्त आहे. ३०४ स्टेनलेसचा पिस्टन करा, तो जवळपास गनमेटलइतकाच फुगतो. नाहीतर आहे त्याच पिस्टनचा व्यास ०.१ मिलिमीटरने कमी करून घ्या. वाफ अडवायचं काम पिस्टनवरच्या रिंगचं, पिस्टनच्या अंगाचं नव्हे. आधी बोअरला ओरखडे पडलेत का ते मात्र पाहायला हवं.

मशिनिंग झालेलं कास्टिंग परत घेत नाही, ते बिलावर छापलेलं आहे. पण पिस्टन आणि सिलिंडर दोन्ही घेऊन या, मायक्रोमीटर लावून तुमच्यासमोर मोजू. त्याचे पैसे नाहीत. रविवारी दुकान बंद असतं.